लोकवनचा बियांचा ब्रेड : मशीनच्या नोंदी

8 जानेवारी, सोलापूर

ठरवलंय ते असं. मैदा अजिबात नाही. गिरणीतून दळून आणलेलं लोकवन गव्हाचं पीठ, त्यात जवस, तीळ, कारळे, सूर्यफुलाच्या बिया, आणि मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं ब्रेड मशीनमध्ये. डब्यात सँडविच देता येईल इतका मऊ हवा आणि सुरी लावल्यावर भुगा होता कामा नये. विकतच्या ब्राऊन ब्रेडचं पाकीट उलटं करून वाचलं तर अनेकदा पहिलं नाव मैद्याचंच असतं, म्हणून हा खटाटोप.

मशीन 550 वॉटचं, आडवं भांडं, तळाशी एक पातं. होल व्हीटचा कार्यक्रम 3 तास 40 मिनिटांचा. आज बियांशिवाय, पुस्तिकेत दिलंय तसंच केलं: 400 ग्रॅम पीठ, 260 मिली पाणी, 20 ग्रॅम तेल, 15 ग्रॅम गूळ, 8 ग्रॅम मीठ, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट.

उंची साडेसात सेंटीमीटर. माथा तडकलेला, आतून दडस. आईने चहात बुडवून खाल्ला आणि "खारी म्हणून चालेल" म्हणाली.

10 जानेवारी

पाण्याचा हिशोब. पुस्तिकेतली कृती रोलर मिलच्या, म्हणजे कारखान्यात दळलेल्या पिठासाठी लिहिलेली दिसते. गिरणीत गहू दोन दगडांमध्ये दाबून रगडला जातो, पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम पडतं. या रगडण्यात स्टार्चचे कण बऱ्याच प्रमाणात फुटतात, आणि फुटलेला कण अखंड कणाच्या कितीतरी पट पाणी पितो. म्हणूनच पोळीची कणीक सैल भिजवली तरी थोड्या वेळाने घट्ट होते. 400 ग्रॅमला 260 म्हणजे पिठाच्या 65 टक्के पाणी. आपल्या पिठाला ते पुरणारच नाही.

आज 300 मिली. उंची 9. गाभा अजून जड, पण सुरी सरळ गेली.

13 जानेवारी

भोगी. ब्रेड नाही, बाजरीची भाकरी. भाकरीवर तीळ चिकटवताना ओला हात फिरवून वर तीळ दाबतात, तीच रीत ब्रेडच्या माथ्याला वापरायची. शेवटच्या फुगण्याआधी झाकण उघडायचं, ओला हात फिरवायचा, बिया टाकायच्या, बंद. उद्यापासून गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आणि घरात पाहुणे, म्हणजे मशीनला सुट्टी.

19 जानेवारी

320 मिली. सुरुवातीची दहा मिनिटं झाकण उघडं ठेवून नुसतं बघत बसले.

पाणी कमी असताना गोळा पात्यावर बसून गोल गोल फिरत होता, भिंतीला लागतच नव्हता. आज तो आधी भांड्याला फासला गेला, मग सहाव्या-सातव्या मिनिटाला एकत्र आला आणि फिरताना त्याची एक बाजू भांड्याच्या आतल्या उभ्या कडेला अडकून ताणली जायला लागली. अडकतो, ताणतो, सुटतो. मळणं म्हणतात ते हेच.

त्या कडा तिथे का आहेत याची एक गोष्ट आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने 1987 मध्ये घरगुती ब्रेड मशीन बाजारात आणलं. त्याआधीच्या नमुन्यांत ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो पीठ नुसतं घुसळत नाही, ताणता ताणता पीळ देतो, हे त्यांनी हेरलं, आणि मग अभियंत्यांबरोबर बसून भांड्याच्या आत कडा बसवल्या. माझं मशीन त्या कंपनीचं नाही, पण कडा आहेत. अर्थात गोळा कडेला पोचेल इतकं पाणी घालायचं काम आपलं.

उंची साडेनऊ.

22 जानेवारी

पीठ, पाणी एवढंच घालून मशीन चार मिनिटं फिरवलं, बटण दाबून बंद केलं आणि अर्धा तास तसंच मुरू दिलं. मग मीठ, गूळ, तेल, यीस्ट घालून कार्यक्रम पहिल्यापासून सुरू. पोळीची कणीक आपण मुरवतोच, ब्रेडला का नाही? गोळा पाचव्या मिनिटालाच गुळगुळीत. उंची 10. आता बिया.

25 जानेवारी

75 ग्रॅम बिया: जवस 20, तीळ 20, सूर्यफूल 25, कारळे 10. सगळ्या कोरड्या, मशीनने टीट टीट केल्यावर टाकल्या. माझ्या मशीनमध्ये हा आवाज मळणं संपायच्या साधारण आठ मिनिटं आधी येतो.

टाकल्या तेव्हा गोळा छान होता. फुगायची वेळ आली तोवर घट्ट, खरखरीत. उंची पुन्हा साडेआठ. ब्रेड दुसऱ्या दिवशी इतका कोरडा की कडा तुटून पडत होत्या.

पाणी जवसाने ओढलं, यात शंका नाही. त्याच्या सालीतच बुळबुळीत चिकटा असतो. पाणी मिळालं की तो सुटतो आणि पाणी धरून बसतो. हे सावकाश होतं, म्हणून मळताना कळत नाही आणि फुगताना कळतं.

1 फेब्रुवारी

बिया आधी कोरड्या भाजल्या (जवस तडतडेपर्यंत, तीळ रंग बदलायच्या आत उतरवले, कारळे नुसते शेकले, कारण जास्त भाजले की कडवटतात). मग 75 मिली उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं. तासाभरात भांड्यात मोकळं पाणी उरलं नाही, जवसाची लाळ सुटून सगळं एकमेकांना धरून होतं. टीट टीट झाल्यावर चमच्या-चमच्याने सोडलं.

उंची 10, बियांशिवाय होती तेवढीच. तिसऱ्या दिवशीही मऊ. आईला कारळ्यांचा वास आवडला, पण "चटणी वेगळी आणि ब्रेड वेगळा बरा" हे मत कायम. कारळे 10 ग्रॅमवरच ठेवते. त्यांच्या पुढे बाकी कुणाचं चालत नाही.

9 फेब्रुवारी

आज भाजणं नाही, धुणं. 50 ग्रॅम लोकवनचं पीठ 30 मिली पाण्यात घट्ट भिजवून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवला, मग मलमलीवर धरून परातीत हळूहळू चोळत धुतला. पाणी पांढरं होत राहिलं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना आपण तेच पांढरं ठेवतो आणि चोथा टाकतो. आज चीक मोरीत आणि चोथा हातात.

हातात उरलं ते ग्लूटेन, म्हणजे ब्रेडमधला वायू धरून ठेवणारं गव्हातलं प्रथिन: करड्या रंगाचं, चिवट, त्यात कोंड्याचे ठिपके. वजन कोंड्यासकट भरलं म्हणून त्याला अर्थ नाही, पण दोन्ही हातांनी ओढलं तर बोटभर लांब होऊन मग तुटलं. तुटलं तेही कुठे, तर बरोबर कोंड्याच्या एका मोठ्या तुकड्यापाशी. पुन्हा ओढून बघितलं, पुन्हा कोंड्यापाशीच.

शेजारच्या वाटीत खपली घेतली होती. तिचं काही उरलंच नाही. चोळताना गोळा विरघळला आणि मलमलीवर फक्त कोंडा राहिला. खपली हा गव्हाचा वेगळाच प्रकार, डायकोकम. त्याचं ग्लूटेन तेवढं बळकट नसतं. आपल्याकडे खपली खिरीला वापरतात ते बरोबरच आहे. लोकवन म्हणजे गुजरातच्या सणोसऱ्यातल्या लोकभारती संस्थेने काढलेला लोक-1, तो साधा ब्रेडचाच गहू. म्हणजे ताकद आहे, कोंडा आडवा येतो.

12 फेब्रुवारी

मग कोंड्यालाही बियांच्या पंगतीत बसवलं. 400 ग्रॅम पीठ मैद्याच्या चाळणीने चाळलं, वर जाडसर कोंडा 35 ग्रॅम राहिला. तो बियांत मिसळला आणि एकूण 110 ग्रॅमवर 110 मिली उकळतं पाणी. उरलेल्या 365 ग्रॅम पिठाला 290 मिली. कोंडा टाकून द्यायचा नाही, सगळा परत ब्रेडमध्येच जातो. फक्त भिजून मऊ होऊन आणि उशिरा जातो.

उंची साडेअकरा. कापल्यावर पहिल्यांदा जाळी दिसली, ढोकळ्याइतकी नाही, पण बोटाने दाबलं तर परत वर येणारी.

आता सूत्र नीट लिहून ठेवते: पिठाला पाणी लगेच लागतं, कोंड्याला आणि बियांना सावकाश. सगळ्यांना एकाच भांड्यातून पाजलं तर सावकाश पिणारे शेवटी पिठाच्या तोंडचं काढून घेतात. त्यांना आधीच वेगळं पाजायचं.

16 फेब्रुवारी

तेच पुन्हा, तसाच. उंची 11. चला.

21 फेब्रुवारी

अळीव घालून बघितले, 10 ग्रॅम, जवसाच्या जागी. आपण लाडवांसाठी ते नारळाच्या पाण्यात भिजवतो तेव्हा किती फुगतात हे माहीत होतंच. तरी. बिया नव्हे, लगदाच झाला तो. गोळ्यात मिसळताना पातं त्यातून नुसतं निसटत होतं. ब्रेड ओलसर, सुरीला चिकटणारा. अळीव लाडवातच शोभतात.

4 मार्च

नवीन दळण. मागच्या ब्रेडच्या सगळ्या गोष्टी तशाच, तरी गोळा तिंबून झाल्यावरही तुटक. ओढला की लांबत नाही, फाटतो. उंची 9. पिठाचा वास घेतला तर ज्वारीचा.

5 मार्च

गिरणीत गेले. "मामा, काल-परवा माझं दळण कशावर टाकलं होतं?"

"ज्वारीवरच असणार ताई. इथं दिवसभर ज्वारीच चालते. पोळीला काही होत नाही की."

पोळीला खरंच होत नाही. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण पोळी फुगायला थोडी वाफ आणि चांगलं लाटणं पुरतं. ब्रेडला तास-दीड तास वायू धरून ठेवायचा असतो, तिथे आधीच्या दळणाचं दगडांत अडकलेलं दोन-तीन मुठी पीठसुद्धा जाणवतं. मामांशी बोलणं झालं: गव्हावर गहू असेल तेव्हाच टाकायचं, नाहीतर माझा डबा बाजूला ठेवायचा. आणि ज्या दिवशी दगडांना टाकी लावतील (छिन्नीने पुन्हा खरखरीत करतील) त्या दिवशी माझं दळण नको. टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ दाताखाली कचकचतं.

"ब्रेडसाठी एवढं?" म्हणाले, पण डब्यावर खडूने 'गव्हावर' असं लिहून ठेवलं.

दळून आणलं की पीठ वर्तमानपत्रावर पसरून गार करून मग डब्यात. गरम पीठ डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि लवकर खवट होतं. आख्ख्या गव्हाच्या पिठात अंकुराचं तेल असतंच, उन्हाळ्यात ते आणखी घाई करतं. म्हणून एका वेळी दोनच किलो.

18 मार्च

स्वयंपाकघर दुपारी 34 अंश. ब्रेड फुगून झाकणाला लागला, भाजताना मधोमध खाली बसला. मशीनला थंडीत ऊब देता येते, उन्हाळ्यात गारवा देता येत नाही. त्याचं वेळापत्रक थंड स्वयंपाकघर गृहीत धरून आखलेलं.

मळून झाल्यावर पिठाचं तापमान 27 च्या आसपास हवं. बेकर लोक पाण्याचं तापमान काढतात ते असं: 27 गुणिले 3 म्हणजे 81. त्यातून पिठाचं 33, खोलीचं 34, आणि मळताना घर्षणाने वाढतात ते साधारण 8 वजा केले की उरतात 6. म्हणजे फ्रीजमधलं पाणी. घर्षणाचा आकडा मशीनगणिक बदलतो. मी मळून झाल्यावर थर्मामीटर खुपसून माझा ठरवला.

20 मार्च

फ्रीजचं पाणी, यीस्ट 4 वरून 3 ग्रॅम. पीठ मळून झाल्यावर 28 अंश. माथा गोल राहिला. भिजवलेल्या बियाही फ्रीजमध्ये गार करून घातल्या, नाहीतर पाणी गार करून उपयोग काय.

2 एप्रिल

वीज गेली, ती शेवटच्या फुगण्यात. दहा मिनिटांपेक्षा जास्त गेली की माझं मशीन सगळं विसरतं. अर्ध्या तासाने आली तेव्हा भांडं काठोकाठ भरलेलं. नुसता भाजण्याचा कार्यक्रम वेगळा आहे, तो लावला, 55 मिनिटं. माथा थोडा सपाट, खायला उत्तम.

यातून एक चांगली गोष्ट हाती आली, ती उद्या.

3 एप्रिल

होल व्हीटचा कार्यक्रमच सोडून दिला. आता दोन तुकडे: नुसतं पीठ मळण्या-फुगवण्याचा कार्यक्रम (दीड तास), तो संपला की झाकण उघडून तेलाच्या हाताने हवा काढायची, पातं ओढून काढायचं, गोळा नीट लांबट करून परत ठेवायचा, माथ्यावर ओला हात आणि तीळ. मग नुसतं बघायचं. भांड्याच्या काठाखाली बोटभर राहिला की भाजणं सुरू. सोलापूरच्या एप्रिलमध्ये ही वेळ 30 ते 35 मिनिटांत येते, जानेवारीत याच्या दुपटीहून जास्त लागेल.

मशीन घेतलं ते बघत बसायला लागू नये म्हणून, हे खरं. पण मशीनला घड्याळ कळतं, पीठ फुगलं की नाही ते कळत नाही. मळण्याचे कष्ट त्याने घ्यावेत आणि डोळे माझे वापरावेत, ही वाटणी मला मान्य आहे. शिवाय पातं आधीच काढल्यामुळे ब्रेडच्या तळाला मोठं भोक पडत नाही, नुसता खुंटीचा ठसा राहतो.

15 एप्रिल

41 अंश बाहेर. पहाटे पाचला लावते, आठला ब्रेड जाळीवर. दुपारी हे काम करू नये.

27 एप्रिल

शेजारच्या काकूंनी ग्लूटेनची पावडर आणून दिली, वापरून बघ म्हणून. 365 ग्रॅम पिठाला 12 ग्रॅम घातली, पाणी 15 मिली वाढवलं. उंची साडेतेरा. दिसायला अगदी दुकानातला.

खाताना मात्र चावा ओढला जातो, आणि टोस्ट केल्यावर कडा वातड. गव्हाची चवही कमी लागली, अर्थात हे मनाचं असू शकतं. काकूंना आणि मुलाला हाच आवडला. मला नाही. ज्वारीवर पडलेलं दळण वाचवायचं असेल तेव्हा पावडर कामाची, म्हणून डबीत ठेवलीय.

6 मे

भाजून झालं की नाही ते वरच्या रंगावरून कळत नाही, गुळामुळे रंग लवकर येतो. थर्मामीटर मधोमध: 95-96 अंश आला की झालं. 90 ला काढलेला ब्रेड मी मागच्या आठवड्यात कापला तर सुरीला चिकटला. आपल्या पिठाचा गाभा तसाही ओलसर राहतो, त्यामुळे पाच मिनिटं जास्त चालतील, कमी नको. काढल्यावर भांड्यात ठेवायचा नाही, तळ ओला होतो.

24 मे

जवस भरड करून घातला, कारण अख्खा जवस बराचसा न पचताच जातो. 20 ग्रॅमपैकी निम्मा भरड, निम्मा अख्खा. भरड रोजची रोज, मिक्सरला एक झटका. आठवडाभराची भरड करून ठेवली तर खवट वास येतो, आणि तो ब्रेडमध्ये लपत नाही.

आईने आज तव्यावर तुपात भाजून शेंगाच्या चटणीबरोबर दोन कापं खाल्ली. तिसरं मागितलं.

8 जून

सध्या चालतंय ते प्रमाण, फ्रीजच्या दारावर लावलेलं:

लोकवन 400 ग्रॅम, चाळून. वरचा कोंडा (साधारण 35) + बिया 75 + उकळतं पाणी 110, रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये. पहाटे चाळलेलं पीठ + गार पाणी 290, चार मिनिटं फिरवून अर्धा तास बंद. मग करडईचं तेल 20, गूळ 15, मीठ 8, यीस्ट 3, आणि मळण्याचा कार्यक्रम. टीट टीट झाल्यावर बिया-कोंडा तीन-चार वेळा मिळून, एकदम नाही. एकदम टाकलं तर ओलं मिश्रण भांड्याला फासतं आणि गोळा कोरडा फिरत राहतो. तेव्हा रबरी उलथन्याने बाजूचं खाली ढकलावं लागतं, लाकडी चमचा पात्यात अडकतो. पुढचं 3 एप्रिलला लिहिलंय तसं.

19 जून

पाऊस लागला. डब्यातलं पीठ हाताला दमट लागतंय. गोळा आज सैल, आकार धरेना. पाणी 290 वरून 280 केलं, यीस्ट तेवढंच. पीठ 26 अंशांवर, फुगायला 50 मिनिटं. उंची 11. पुढच्या दळणापर्यंत 280.